ओल्या काठावरचे ठेंगणे नाकतोडे

प्रस्तावना

दिवाळीनंतर पैनगंगेचे पाणी उतरू लागते. उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेला ही नदी म्हणजे हद्दच. अलीकडे विदर्भ, पलीकडे नांदेड जिल्हा. पाणी मागे सरकते तसा काठाला ओल्या गाळाचा अरुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो. या पट्ट्यावर राहणाऱ्या एका कीटककुलाबद्दल हे पुस्तक आहे. पूर्ण वाढलेला कीटक बहुधा ८ ते १५ मिलिमीटर लांब, रंग गाळाचाच. वावरातून घरी निघालेल्या माणसाच्या पावलापुढून तो उडी मारतो, पुन्हा गाळावर बसतो आणि बसताक्षणी दिसेनासा होतो. ज्यांना दिसतो ते त्याला नाकतोड्याचे पिल्लू समजतात. पिल्लू तो नव्हेच. त्याची वाढ पुरी झालेली असते आणि त्याचे कुलही वेगळे आहे.

ओळख पटवायची तर मानेमागे पाहावे. नेहमीच्या नाकतोड्याला तिथे खोगिरासारखी एक आखूड ढाल असते. ठेंगण्या नाकतोड्यात ही ढाल मागे वाढत जाते, पंख झाकते, सगळे पोट झाकते आणि पुष्कळदा पोटाच्याही मागे टोकदार होऊन निघते. लेखकाने तिला ‘पाठढाल’ म्हटले आहे. मीही तोच शब्द वापरतो. वरचे पंख बाजूला चिकटलेल्या खवल्याएवढेच उरलेले असतात. खालचे पंख असले तर पाठढालीखाली घडी घालून ठेवलेले. पुढच्या दोन्ही जोड्यांच्या पावलांना दोन पेरे, मागच्या पावलांना तीन. नख्यांमधली मऊ गादी नसते. पोटाच्या सुरुवातीला इतर नाकतोड्यांना जो कानाचा पडदा असतो तोही नाही, आणि पाय घासून आवाज काढण्याची सोयही नाही. एवढ्या खुणा एकत्र आल्या की टेट्रिजिडी हे कुल नक्की झाले. जगभरात त्याच्या सुमारे २,००० जातींना आजवर नावे मिळाली आहेत.

हे कुल पिकाचे नुकसान करणाऱ्या किडींत मोडत नाही. शेवाळ, दगडावरची हरिता, दगडफूल आणि कुजलेला पालापाचोळा हे त्याचे अन्न. मादी ओलसर मातीत पुंजक्याने अंडी घालते. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरले, तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्याला उडी मारणाऱ्या प्रत्येक कीटकाची धास्ती वाटली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्याच काळात हेही जाणवले की कपाशीच्या बोंडअळीची इत्थंभूत माहिती असणाऱ्या आपल्या गावांना धुऱ्यावरच्या निरुपद्रवी जिवांची नावेसुद्धा मराठीत उपलब्ध नाहीत. नाव नसले की सगळेच कीड ठरतात आणि फवारणीचा पंप सगळ्यांवर सारखाच चालतो.

या कुलाची काही माणसे, म्हणजे काही जाती, आपल्या कल्पनेच्या फार पुढे गेलेल्या आहेत. पश्चिम घाटातल्या ओढ्यांवर सेलिमेना या प्रजातीचे काटेरी नाकतोडे राहतात. त्यांच्या मागच्या पायांची नळी आणि पावलाचे पहिले पेर चपटे, वल्ह्याच्या कामाचे. धोका दिसला की ते सरळ पाण्यात उतरतात, पोहतात, बुडीही मारतात. क्रायोटेटिक्स जॅपोनिकस ही जपानमधली जाती बेडकाने धरली की पाय ताठ करून, काटे बाहेर काढून निश्चल होते. मेल्याचे सोंग घेतलेल्या इतर प्राण्यांना शत्रू सोडून देतो; इथे मात्र त्या ताठ देहाचा आकारच असा होतो की बेडकाच्या घशातून तो उतरत नाही. २००६ मध्ये जपानी अभ्यासकांनी हे प्रयोगाने दाखवले. क्रायोटेटिक्सच्या जाती भारतातही आहेत.

नाकतोड्यांच्या वंशवृक्षात या कुलाची फांदी फार खाली, बुंध्याजवळ फुटते. तिचे जुनेपण हाताशी धरून पाहायचे तर डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या राळेत अडकलेला एक नमुना आहे. तो १९५० च्या दशकात गोळा झाला, इलिनॉयमधल्या संग्रहात वर्षानुवर्षे पडून राहिला आणि २०१४ मध्ये त्याला इलेक्ट्रोटेटिक्स ॲटनबरोई असे नाव मिळाले, निसर्गपटकार डेव्हिड ॲटनबरो यांच्यावरून. वय सुमारे १ कोटी ८० लाख ते २ कोटी वर्षे. पाठढाल आजच्यासारखीच, पंख मात्र जाता जाता राहिलेले.

आता वर्गीकरणाकडे वळतो, कारण या पुस्तकाचा खरा विषय तोच आहे. शाळेच्या पुस्तकातली कुल, प्रजाती, जाती ही उतरंड वाचकांना आठवत असेलच. इथे भांडण मुख्यतः प्रजातीच्या पायरीवर आहे. लिनियसने १७५८ मध्ये युरोपातल्या ठेंगण्या नाकतोड्यांना रातकिड्यांच्या शेजारी, ग्रिलस या ऐसपैस नावाखाली बसवले. लात्रेयने १८०२ मध्ये टेट्रिक्स ही प्रजाती वेगळी केली, रांब्यूरने १८३८ मध्ये कुल उभे केले. पुढे अर्धशतक नमुने येत राहिले, नावे पडत राहिली, पण घराला खोल्या नव्हत्या. त्या पाडल्या माद्रिदच्या इग्नासियो बोलिव्हारने. त्याचा १८८७ चा फ्रेंच निबंध आजही या विषयातला पहिला दगड आहे. हेडोटेटिक्स, पॅराटेटिक्स, कॉप्टोटेटिक्स, क्रायोटेटिक्स ही आपल्याकडे भेटणारी नावे त्याच निबंधातली. त्रिचनापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून गेलेल्या नमुन्यांवरही त्याने पुढे लिहिले, आणि दक्षिण भारत या नकाशावर आला. स्पेनच्या यादवीनंतर १९३९ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसाला देश सोडावा लागला; १९४४ मध्ये तो मेक्सिकोत वारला.

दुसरा मोठा माणूस शिकागोचा जोसेफ लेन हॅनकॉक. त्याने १९०४ मध्ये श्रीलंकेतल्या जातींवर लिहिताना युपॅराटेटिक्स ही प्रजाती सांगितली, १९०७ मध्ये साऱ्या जगाचा आढावा घेतला, १९१२ मध्ये बिहारमधल्या पुसा येथील शेती संशोधन संस्थेचे नमुने तपासले आणि १९१५ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात भारतीय जातींवर दीर्घ लेख दिला. विल्यम किर्बीचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’मधला खंड १९१४ चा, किर्बी १९१२ मध्येच गेला होता, पुस्तक मागाहून आले. नंतरची धुरा जर्मन अभ्यासक क्लाउस ग्युंटरने वाहिली. १९३० च्या दशकाअखेरच्या त्याच्या पुनरावलोकनांत पहिल्यांदा अशी शंका सतत डोकावते की आपण नावे जरा जास्तच दिली आहेत. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत एम. एस. शिशोदिया यांनी ईशान्य भारताचे ठेंगणे नाकतोडे १९९१ मध्ये एका ग्रंथात आणले. अलीकडे चीनमध्ये झेंग झेमिन आणि त्यांच्या शिष्यांनी नव्या जातींची प्रचंड भर घातली, तर युरोपात योसिप स्केयो, योसेफ टुम्ब्रिंक यांच्या पिढीने उलटी बाजू धरली: जुने नमुने पेटीतून पुन्हा काढायचे, तुलना करायची आणि दुबार नावे एकत्र करायची. केरळातल्या धनीश भास्कर यांनी पश्चिम घाटाच्या बाजूने या कामात हात दिला आहे. म्हणजे पुसा झाले, त्रिचनापल्ली झाले, श्रीलंका, ईशान्य, घाट झाले. दख्खनच्या काळ्या मातीतल्या नद्या मधल्या मध्ये राहिल्या.

उपकुलांचा पसारा वाचकाने पाठ करण्याची गरज नाही. कपाळपट्टी रुंद आणि देह पानासारखा ते क्लॅडोनोटिनी, पुढच्या मांडीवर पन्हळ आणि शृंगिकेला पेरे जास्त ते बॅट्रकिडिनी, पाठढालीच्या बाजूचे कोपरे काट्यासारखे बाहेर आलेले ते सेलिमेनिनी, तेच कोपरे खाली वळलेले ते टेट्रिजिनी, आणखीही आहेत. सेलिमेनिनी हे एकच रक्त आहे की पाण्याकाठच्या राहणीने सारखे दिसू लागलेले वेगवेगळे वंश, यावर २०२० मध्येही प्रश्नचिन्ह टाकणारा लेख आला. मैदानातल्या नदीकाठी बहुतेक काम टेट्रिजिनीशी पडते.

त्यातल्या एका प्रजातीवर मी थोडा रेंगाळतो, कारण सगळा पेच तिच्यात दिसतो. एर्गाटेटिक्स. डोळे गोल, फुगीर आणि पाठढालीच्या पातळीच्या वर उचललेले. दोन डोळ्यांमधला माथा एका डोळ्याच्या रुंदीपेक्षाही अरुंद. मधल्या पायांच्या मांड्यांवर बारीक लांब केस. भिंगातून एकदा पाहिले की हे ध्यान विसरता येत नाही. युपॅराटेटिक्सचा माथाही अरुंदच, देह सडपातळ, पण डोळे इतके उभे नसतात आणि मधल्या मांड्या साध्या. हेडोटेटिक्समध्ये बाजूने पाहिले की कपाळाची धार शृंगिकांच्या मधून ठळक पुढे आलेली दिसते आणि पाठढालीच्या मध्यावरची धार बारीक, उठलेली असते. एर्गाटेटिक्स ही प्रजाती किर्बीने १९१४ च्या त्या खंडात मांडली आणि तिच्यासाठी एर्गाटेटिक्स टार्सालिस या नव्या जातीचा आधार घेतला. पुढे ध्यानात आले की हीच जाती फ्रान्सिस वॉकरने १८७१ मध्येच ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत डॉर्सिफेरा या नावाने नोंदवली होती. वॉकरही त्याच संग्रहालयासाठी सूची करत होता आणि किर्बीही तिथलाच. एका छताखाली ४३ वर्षांच्या अंतराने एकाच जिवाला दोन नावे पडली. प्रजाती टिकली, जातीचे नाव वॉकरचे राहिले.

असे का झाले, याचे उत्तर आळस किंवा निष्काळजीपणा नाही. ठेंगण्या नाकतोड्याचे शरीर पाहणाऱ्याला फसवते. एकाच जातीत लांब पाठढालीचे आणि आखूड पाठढालीचे असे दोन प्रकार असू शकतात. लांब प्रकारात ढाल मागच्या गुडघ्यांच्याही पुढे जाते, खालचे पंख तिच्याही पुढे डोकावतात आणि तो उडू शकतो. आखूड प्रकारात ढाल पोटाच्या टोकापाशी संपते, पंख लहान राहतात. दोघे एकाच काठावर, एकाच आईची संतती असू शकतात. माद्रिदच्या किंवा लंडनच्या टेबलावर मात्र एका टाचणीला एक, दुसऱ्या टाचणीला दुसरा, गावांची नावे वेगळी, वर्षे वेगळी. अभ्यासकाने दोन जाती केल्या नाहीत तरच नवल. शंभर वर्षांहून अधिक काळ पाठढालीची लांबी ही जाती वेगळी करण्याची सोयीची पट्टी होती, आणि काही ठिकाणी प्रजातीही तिच्यावरच उभ्या राहिल्या. युरोपात टेट्रिक्स बायपंक्टाटा आणि टेट्रिक्स क्राउस्सी या दोघांचे नाते आजही याच कारणाने वादात आहे: एक लांब पंखांचा, एक आखूड पंखांचा.

रंगाने तर आणखी गोंधळ. एकाच काठावर कोणाच्या पाठीवर पांढरा पट्टा, कोणाच्या खांद्यावर दोन काळे ठिपके, कोणी सरसकट काळा, कोणी तांबूस. जुन्या याद्यांतल्या काही ‘जाती’ म्हणजे अशी रंगरूपेच होती. पण याच गोंधळातून जीवशास्त्राला फार मोठी देणगी मिळाली, आणि ती मराठीत कोणी सांगितल्याचे मी वाचलेले नाही.

अमेरिकेच्या कान्सास राज्यातल्या शेतकी कॉलेजात रॉबर्ट नेबर्स नावाचा प्राध्यापक होता. आनुवंशिकतेचा अभ्यासक मॉर्गन न्यूयॉर्कमध्ये फळमाश्यांवर काम करत होता त्याच दिवसांत नेबर्स टेक्सासहून आणलेले ठेंगणे नाकतोडे पिंजऱ्यांत वाढवत होता. पॅराटेटिक्स टेक्सानसच्या पाठीवरचे रंगपट्टे पिढ्यांमधून कसे उतरतात हे त्याने १९१४ पासून प्रसिद्ध केले. पट्टे ठरवणारी जनुके एकमेकांना घट्ट जोडलेली होती, जवळजवळ एकत्रच पुढे जात. १९२० मध्ये आनुवंशिकतेचाच अभ्यासक जे. बी. एस. हाल्डेन याने या आकड्यांवरून जनुकांच्या जोडणीवर टिपण लिहिले. १९३९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने नेबर्सने रानातून मोजलेल्या नाकतोड्यांचे आकडे घेतले आणि निसर्गातली निवड किती जोरात चालू शकते हे गणिताने दाखवले. लोकसंख्येच्या जनुकशास्त्राच्या पायाभरणीत हा गाळातला जीव असा हजर आहे.

हाल्डेन पुढे १९५७ मध्ये कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. भारतातल्या विद्यार्थ्यांनी महागड्या यंत्रांची वाट न पाहता भोवतालचे जीव मोजावेत, असे तो कळकळीने सांगत असे. त्याच्या शिष्यांनी टिटवीची घरटी, नारळाच्या पानांची वळणे, फुलांवर येणारी फुलपाखरे असे विषय घेऊन हे करून दाखवले. या पुस्तकाचा लेखक त्या परंपरेत बसतो असे मला वाटते. उमरखेडला जनुकक्रम वाचणारे यंत्र नाही. पण नदी आहे, आणि एका काठावरचे पन्नास नाकतोडे एकाच सकाळी पाहता येतात. बोलिव्हारपाशी आणि हॅनकॉकपाशी नेमके हेच नव्हते.

पुस्तकाची मुख्य मांडणी याच गोष्टीवर आहे. एक नमुना पाहून नाव देऊ नका. एका जागेची मालिका पाहा, लांब आणि आखूड दोन्ही, नर आणि मादी दोन्ही, सगळी रंगरूपे. मग पाठढालीची लांबी बाजूला ठेवून माथ्याची रुंदी, डोळ्यांची उंची, कपाळधारेचा बाजूचा आकार, मधल्या मांडीची कड अशा न बदलणाऱ्या खुणा धरा. लेखकाची ओळखकिल्ली याच क्रमाने चालते. ही भूमिका मला पटते, आणि नव्या नावांची घाई करणाऱ्या सध्याच्या काही लिखाणापेक्षा ती अधिक जबाबदार वाटते. खालचे पंख आणि पाठढाल मोजायचीच नाहीत असे लेखक म्हणत नाही. मोजा, पण त्यांच्यावर जाती उभी करू नका, एवढेच त्याचे म्हणणे.

पुस्तकाचा दुसरा भाग रंगरूपांच्या मोजणीचा; तो मला अधिक आवडला. स्वीडनमध्ये आंदेश फोर्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की वणव्याने जळालेल्या जागी टेट्रिक्स सुब्युलाटाची काळी रूपे एकदम वाढतात आणि जमीन पुन्हा हिरवी होऊ लागली की पुढच्या काही वर्षांत घटत जातात. जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर काळा वाचतो, हिरवळ आली की तोच पाखराच्या नजरेस आधी पडतो. इकडे पैनगंगा अभयारण्याच्या सागवनात उन्हाळ्यात वणवे लागतात; पिकाचे धसकट जाळण्याची चालही आहे. याच अभयारण्यातल्या ‘बंदी भाग’ म्हणवणाऱ्या मुलखातल्या नाल्याकाठी वणव्याआधी आणि वणव्यानंतर रंगरूपांची मोजणी करायची पद्धत लेखकाने नकाशा आणि तक्त्यांसह दिली आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वही, पेन्सिल आणि दहापट भिंग एवढ्यावर हे जमेल. साधनांबद्दलच्या सूचनाही कामाच्या आहेत: गवतावर फिरवायची जाळी इथे फारशी चालत नाही, कारण हा प्राणी जमिनीला धरून असतो, तो हाताने किंवा छोट्या नळीने धरावा लागतो. लांब पंखांची रूपे रात्री दिव्यावर येतात, तेव्हा घराच्या ओट्यावरचा दिवाही अभ्यासाची जागा होतो. छायाचित्र काढायचे तर वरून एक आणि बाजूने एक, दोन्ही हवीत. वरूनच काढलेल्या सुंदर छायाचित्रावरून कपाळधार कळत नाही. छायाचित्रांचे महत्त्व कमी लेखू नये. फिलिपिन्समधली अरुलेनस मियाए ही जाती २०१६ मध्ये विज्ञानाला कळली ती एका हौशी माणसाने फेसबुकवर टाकलेल्या छायाचित्रामुळे.

हे सगळे आताच का, असे विचारले तर माझे बोट नदीकडे जाईल. ईसापूरच्या धरणाने पैनगंगेचे पाणी अडते आणि सुटते. काठ कधी भिजायचा आणि कधी वाळायचा हे आता पावसाइतकेच धरणाचे दरवाजे ठरवतात. रेतीचा उपसा काठाची उतरण कापून काढतो, आणि जिथे उभा कडा तयार होतो तिथे शेवाळाचा तो अरुंद पट्टा धरतच नाही. २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तीच औषधे पावसाबरोबर नाल्यात येतात. ओल्या काठाच्या पातळ थरावर जगणाऱ्या प्राण्याची नोंद असली, तर काठाला काय होते आहे हे सांगायला एक साक्षीदार मिळतो. नोंद आजच सुरू झाली पाहिजे, कारण ‘पूर्वी इथे काय होते’ याचे उत्तर वीस वर्षांनी कोणालाच देता येणार नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. जीवशास्त्रीय नावे देवनागरीत लिहिताना लेखकाने उच्चार सोपे ठेवले आहेत आणि अवयवांसाठी शक्य तिथे रोजचे शब्द घेतले आहेत: माथा, धार, मांडी, नळी, पेर. काही जाणकारांना ते उणे वाटेल. मला वाटते शेतकऱ्याच्या मुलाने हे पुस्तक हातात घेऊन नदीवर जावे, हाच हेतू असेल तर दुसरा मार्ग नव्हता. एके ठिकाणी माझा मतभेद आहे: युपॅराटेटिक्स आणि पॅराटेटिक्स यांच्यातली रेघ लेखकाने फार ठळक ओढली आहे. माथ्याच्या रुंदीवर तोलून पाहिले तर मधले नमुने येतातच, आणि या दोन प्रजातींच्या सीमेवर सगळ्या आशियात फेरतपासणी व्हायची आहे. लेखकाला हे सांगितले, तेव्हा त्याने आपले मत न बदलता मधल्या नमुन्यांची चित्रे शेवटच्या भागात वेगळी काढून दिली. त्या चित्रांखाली जातीचे नाव नाही; फक्त काठ, तारीख, नर की मादी आणि पाठढालीचे माप आहे. वाचकाने किल्ली वापरायला शिकल्यावर आधी त्या पानांवर यावे आणि स्वतःचा निर्णय पेन्सिलीने तिथेच लिहावा.